दोन हातांत दोन तलवारी : मार दुप्पट होतो का?

(पाचवी आणि पुढच्या मुलांसाठी. पालकांनी शेजारी बसून वाचल्यास अधिक चांगले.)



आजचा पाठ व्हिडिओ गेमवर आहे. हे वाचून काही घरांत टाळ्या वाजतील आणि काही घरांत कपाळाला आठ्या पडतील, याची कल्पना आहे. आठ्या पडलेल्यांना एवढेच सांगतो की या पाठासाठी टीव्ही किंवा कॉम्प्युटर लावायचा नाही. कागद, पेन्सिल, गुणाकार आणि भागाकार एवढ्यावर काम भागेल.

काही खेळांत आपण एक पात्र निवडतो आणि त्याला हळूहळू वाढवतो. त्याची ताकद, त्याची शस्त्रे, त्याचे कौशल्य हे सगळे आकड्यांत मोजलेले असते. शिवाय लढाईत आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागत नाही. बटण दाबले की त्याच क्षणी हात चालतो. अशा खेळांना ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. डायब्लो, स्कायरिम, मॉन्स्टर हंटर, एल्डन रिंग ही नावे तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ असतील.

या खेळांत एक प्रश्न हमखास येतो. उजव्या हातात तलवार आहे. डावा हात मोकळा आहे. त्यात ढाल घ्यावी की दुसरी तलवार? बहुतेक मुलांचे उत्तर झटकन येते : "दुसरी तलवार! दोन तलवारी म्हणजे डबल मार."

आज आपण हे उत्तर तपासून पाहणार आहोत.

१. आधी शब्द

आमच्या मुलाला त्याची आजी फोनवर विचारते, "काय खेळत होतास रे?" तो म्हणतो, "काही नाही आजी, गेम." संभाषण तिथेच संपते. हाच मुलगा मित्राशी त्याच गेमवर इंग्रजीत तासभर बोलू शकतो. त्याच्याकडे सांगण्यासारखे खूप आहे, पण आजीला सांगायला शब्द नाहीत. म्हणून गणिताआधी शब्दांची शिदोरी बांधून घेऊ.

वार : शस्त्राचा एक घाव. "त्याने तीन वार केले."
मार : त्या घावाने झालेले नुकसान. या पाठात आपण ते आकड्यांत मोजू. "एका वाराचा मार १२०."
प्राण : पात्रात किती जीव उरला आहे तो आकडा.
दम : पळायला आणि जोरात वार करायला लागणारी शक्ती. "दम लागला", "दम खाणे" हे तुम्ही ऐकले असेल.
अडवणे : ढालीवर किंवा शस्त्रावर वार झेलणे.
हुलकावणी देणे : वार अंगावर येताना चपळाईने बाजूला होणे.
पवित्रा : लढण्यासाठी घेतलेली उभे राहण्याची ढब. "पैलवानाने पवित्रा घेतला."
आळीपाळीने : एकदा हा, एकदा तो.

एक सूचना. "डावा हात" मधला डावा आणि "डावपेच" मधला डाव यांची गल्लत करू नका. डावपेच हा कुस्तीच्या आखाड्यातला शब्द आहे. तिथे डाव म्हणजे युक्ती.

२. आळीपाळीचे गणित

आपले पहिले उदाहरण डायब्लो ३ या खेळातले आहे. तो २०१२ साली आला. त्यात बार्बेरियनसारख्या काही पात्रांना दोन्ही हातांत शस्त्र धरता येते. पण दोन शस्त्रे एकाच वेळी चालत नाहीत. आधी एका हाताचा वार, मग दुसऱ्या हाताचा, पुन्हा पहिल्याचा, असे आळीपाळीने चालते. प्रत्येक वाराला त्या त्या शस्त्राचा मार आणि त्या त्या शस्त्राचा वेग लागू होतो. दोन शस्त्रे धरल्याबद्दल बक्षीस म्हणून वार करण्याचा वेग १५ टक्के वाढतो.

आता सोपे आकडे घेऊ. हे आकडे मी पाठासाठी केलेले आहेत, खेळातले नाहीत.

तलवार अ : एका वाराचा मार १२०. एका वाराला १ सेकंद लागतो. म्हणजे दर सेकंदाला मार १२०.

तलवार ब : एका वाराचा मार ६०. एका वाराला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे दर सेकंदाला मार तितकाच, १२०.

दोन्ही एकत्र घेतल्या तर? "१२० अधिक १२० म्हणजे २४०" असे उत्तर मनात आले असेल तर थांबा. आळीपाळीने वार होत आहेत. एक वार अ चा, एक वार ब चा. दोन्ही मिळून मार झाला १२० + ६० = १८०. वेळ लागला १ + अर्धा = दीड सेकंद. १८० भागिले १.५ बरोबर १२०.

म्हणजे एका तलवारीने १२० आणि दोन तलवारींनीही १२०! दुसरी तलवार घेतल्याने मार जराही वाढला नाही. वाढला तो फक्त बक्षिसाच्या वेगाने : १२० गुणिले १.१५ बरोबर १३८. कुठे दुप्पट आणि कुठे १५ टक्के!

कारण समजायला सोपे आहे. ब चा वार चालू असताना अ स्वस्थ बसलेली असते, आणि अ चा वार चालू असताना ब. घरात दोन जण आहेत आणि कपबशा धुवायला नळ एकच आहे. दोघांनी आळीपाळीने धुतल्या तर काम दुप्पट वेगाने होत नाही. हात चार झाले तरी नळ एकच राहतो. आळीपाळीच्या लढाईत "वेळ" हा तो एकच नळ आहे.

३. डावा हात कमजोर असेल तर

आता डाव्या हातात एक जुनी, बोथट तलवार देऊ. तिचा मार ४० आणि वाराला १ सेकंद. उजव्या हातात आधीचीच अ : मार १२०, वाराला १ सेकंद.

दोन वारांचा मार १२० + ४० = १६०. वेळ २ सेकंद. दर सेकंदाला ८०. बक्षिसाचा वेग धरून ८० गुणिले १.१५ बरोबर ९२.

एकट्या अ ने १२० मार होत होता. दुसरी तलवार हातात घेतल्यावर तो ९२ वर आला! चांगल्या तलवारीचा अर्धा वेळ आपण बोथट तलवारीला देऊन टाकला. "नसण्यापेक्षा काहीतरी असलेले बरे" हे इथे खरे ठरत नाही.

मग डाव्या तलवारीचा मार किती असला म्हणजे ती परवडेल? वाराची वेळ दोघींची सारखीच, १ सेकंद, धरू. डाव्या तलवारीच्या माराला "क्ष" म्हणू. (१२० + क्ष) भागिले २, गुणिले १.१५, हे किमान १२० व्हायला हवे. मोठ्या मुलांनी हे समीकरण स्वतः सोडवावे. उत्तर ८९ च्या जरा अलीकडे येते. म्हणजे डावी तलवार उजवीच्या सुमारे तीन चतुर्थांश दमाची असेल तरच तिचा उपयोग.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डायब्लो ३ मध्ये शस्त्रावर इतर गुणही असतात, जसे ताकद वाढवणारे किंवा प्राण वाढवणारे. ते गुण शस्त्र हातात असेपर्यंत सतत लागू राहतात. त्यामुळे मार कमी असलेले शस्त्रही कधीकधी डाव्या हातात शोभते. पण ते त्याच्या गुणांमुळे. धारेचा हिशेब वर मांडला तोच राहतो.

४. सरासरीचा सापळा

हा भाग सहावी-सातवीच्या मुलांनी नीट वाचावा, कारण शाळेच्या परीक्षेतही तो येतो.

तलवार प : मार १००, वाराला १ सेकंद. दर सेकंदाला १००.
तलवार फ : मार १००, वाराला अर्धा सेकंद. दर सेकंदाला २००.

दोन्ही आळीपाळीने वापरल्या तर दर सेकंदाला किती? १०० आणि २०० यांची सरासरी १५०, असे वाटते. करून पाहू. दोन वारांचा मार २००. वेळ दीड सेकंद. २०० भागिले १.५ बरोबर १३३ आणि थोडे वर. १५० नाही!

हेच गणित गाडीचे करून पाहा. गावाला जाताना ताशी ३० मैल आणि परत येताना ताशी ६० मैल. सरासरी वेग ताशी ४५ नसतो. अंतर ६० मैल धरा. जायला २ तास, यायला १ तास, एकूण १२० मैल ३ तासांत. सरासरी ताशी ४०.

दोन्हीकडे कारण एकच आहे. संथ प्रवासात आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून सरासरी संथ बाजूला झुकते. संथ तलवारही जास्त वेळ खाते, म्हणून उत्तर तिच्या बाजूला झुकते. वेगांची सरासरी काढायची असेल तर आधी एकूण काम काढा, मग एकूण वेळ काढा आणि शेवटी भागाकार करा. हा क्रम चुकवू नका.

५. ढालीची किंमत

आतापर्यंत आपण फक्त देण्याचा हिशेब केला. घेण्याचा राहिला. समोरचा शत्रू काही हाताची घडी घालून उभा नसतो.

डाव्या हातात तलवार आली की ढाल गेली. २०११ साली आलेल्या स्कायरिममध्ये हे अगदी स्पष्ट दिसते. त्यात दोन शस्त्रे धरली की वार अडवताच येत नाही. ज्या बटणाने ढाल पुढे येते, तेच बटण आता डाव्या हाताचा वार करते. त्या बदल्यात एकहाती शस्त्रांचे कौशल्य ३० वर गेले की दोन शस्त्रांचा वेग २० टक्के वाढवून घेता येतो आणि ५० वर गेले की ३५ टक्के. कौशल्य ७० झाल्यावर दोन्ही हातांच्या जोरदार वारांचा मार ५० टक्के वाढवता येतो. पण जोरदार वार दम खातात, आणि दम संपला की जोरदार वारही संपले.

आता ढालीची किंमत काढू. मागचेच आकडे घेऊ : एका तलवारीने दर सेकंदाला १२०, दोन तलवारींनी १३८. शत्रूचे प्राण १३८० धरू. शत्रू आपल्याला दर सेकंदाला १५ मार देतो.

दोन तलवारी : १३८० भागिले १३८ बरोबर १० सेकंदांत शत्रू पडतो. तोपर्यंत आपल्याला मार बसतो १० गुणिले १५ बरोबर १५०.

एक तलवार आणि निम्मा मार अडवणारी ढाल : १३८० भागिले १२० बरोबर साडेअकरा सेकंद लागतात. मार बसतो ११.५ गुणिले ७.५ बरोबर साधारण ८६.

लढाई दीड सेकंद लांबली, पण मार १५० वरून ८६ वर आला. इथे ढाल उजवी ठरली. ("उजवी ठरणे" म्हणजे सरस ठरणे, हाही शब्द लिहून ठेवा.)

मग ढाल नेहमीच उजवी का? तसेही नाही. १५ टक्के जास्त वेगाने वार केले म्हणजे वेळ १५ टक्के वाचतो असे नाही. साडेअकराचे दहा सेकंद झाले, म्हणजे वेळ सुमारे १३ टक्के वाचला. लढाई १३ टक्के लवकर संपली, म्हणून मारही १३ टक्के कमी बसला. तेव्हा नियम असा निघतो : या उदाहरणात ढाल १३ टक्क्यांहून जास्त मार अडवत असेल तर ढाल घ्यावी. त्याहून कमी अडवत असेल तर तलवार घ्यावी.

आणि जो खेळाडू प्रत्येक वाराला हुलकावणी देऊ शकतो, त्याच्या ढालीवर वार येतच नाही. त्याच्यासाठी ढाल म्हणजे डाव्या हाताला लटकवलेले ओझे. म्हणून सराईत खेळाडू दोन शस्त्रे घेतात ते उगाच नाही. त्यांचे पायच त्यांची ढाल असतात. नवख्याने त्यांचे पाहून दोन तलवारी घेतल्या तर तलवारी आल्या, पाय आले नाहीत, अशी गत होते.

६. फुकट काहीच नाही

मी इंजिनियर असल्यामुळे मला या खेळांत सर्वांत जास्त मजा याची वाटते की, ते बनवणाऱ्यांनी दुसऱ्या शस्त्राला दर वेळी काही ना काही किंमत लावलेली असते. किंमत नसती तर ढाल कोणी घेतलीच नसती आणि निवडीला अर्थ उरला नसता. किंमत कशाकशात लावता येते ते पाहा.

कौशल्यात : २०१४ सालच्या डार्क सोल्स २ मध्ये दोन शस्त्रांचा खास पवित्रा घेता येतो. पण त्यासाठी पात्राची ताकद आणि चपळाई त्या शस्त्रांना एरवी लागते त्याच्या दीडपट असावी लागते. एरवी २० ताकद लागत असेल तर इथे ३० हवी.

वजनात : २०२२ सालच्या एल्डन रिंगमध्ये एकाच जातीची दोन शस्त्रे दोन हातांत घेतली की डाव्या हाताच्या बटणाने दोन्ही शस्त्रांचे एकत्रित वार होतात. इथे आळीपाळी नाही, दोन्ही पाती एकाच हल्ल्यात लागतात, त्यामुळे आपले दुसऱ्या भागातले गणित इथे जसेच्या तसे चालत नाही. पण दोन शस्त्रांचे वजन अंगावर येते. एकूण ओझे पेलण्याच्या मर्यादेच्या ७० टक्क्यांवर गेले की पात्राची कोलांटी जड होते आणि हुलकावणी चुकते. शिवाय धार वाढवायचे दगड एका शस्त्राऐवजी दोन शस्त्रांवर खर्च करावे लागतात.

दमात आणि धारेत : मॉन्स्टर हंटरमध्ये जोडतलवारी हे एकच शस्त्र म्हणून मिळते. २०१८ सालच्या मॉन्स्टर हंटर वर्ल्डमध्ये त्या घेतल्या की वार अडवता येत नाही. आवेशात येऊन भराभर वार करण्याची एक खास अवस्था असते, पण तिच्यात दम सतत गळत राहतो. वार जास्त म्हणून धारही लवकर जाते, आणि भर लढाईत बाजूला जाऊन पाते घासत बसावे लागते.

७. थेंबे थेंबे की एकच घाव?

मॉन्स्टर हंटरमध्ये आणखी एक गंमत आहे. शस्त्राला अग्नी, पाणी, वीज असा गुण असू शकतो. वार छोटा असो की मोठा, हा गुण प्रत्येक वाराला वेगळा लागू होतो. वार मोठा आहे म्हणून तो मोठा होत नाही.

पुन्हा सोपे आकडे घेऊ. एक मोठा वार, मार १००. आणि दहा छोटे वार, प्रत्येकी मार १०. दोन्हींची बेरीज १००.

आता प्रत्येक वाराला अग्नीचे ५ जोडा. मोठा वार : १०५. दहा छोटे : १५ गुणिले १० बरोबर १५०. छोटे वार जिंकले.

आता उलट करा. शत्रूच्या अंगावर जाड चिलखत आहे आणि ते प्रत्येक वारातून ५ कमी करते. मोठा वार : ९५. दहा छोटे : ५ गुणिले १० बरोबर ५०. छोटे वार सपशेल हरले.

म्हणजे प्रत्येक वाराला काही मिळत असेल तर भराभर वार करणारी जोडशस्त्रे घ्यावीत, आणि प्रत्येक वारातून काही कापले जात असेल तर एकच जड शस्त्र घ्यावे. हा नियम खेळाबाहेरही लागू पडतो. भारतात पैसे पाठवताना दर वेळी ठराविक फी कापली जात असेल तर दहा वेळा थोडे थोडे पाठवण्यापेक्षा एकदाच पाठवलेले बरे. आईबाबांना विचारा, त्यांना हे गणित तोंडपाठ असेल.

८. खऱ्या लढाईत दुसरा हात

आता एक प्रश्न साहजिक आहे. खेळांत ठीक आहे, पण खरोखर कोणी असे लढत होते का?

लढत होते. पण त्यांचा डावा हात वेगळे काम करी. सोळाव्या आणि सतराव्या शतकातल्या युरोपात उजव्या हातात लांब, सडपातळ तलवार आणि डाव्या हातात कट्यारीसारखे आखूड शस्त्र घेऊन लढण्याची पद्धत होती. डाव्या हातातल्या शस्त्राचे मुख्य काम शत्रूची तलवार अडवण्याचे. म्हणजे ते शस्त्राच्या रूपातली ढालच होते. दोन सारख्या लांब तलवारी दोन्ही हातांनी गरगर फिरवणे दिसायला छान, पण त्यांची एकमेकींशीच टक्कर व्हायची भीती.

जपानमध्ये मियामोतो मुसाशी नावाचा प्रसिद्ध तलवारबहाद्दर होऊन गेला. तो १६४५ साली वारला. त्याने एक लांब आणि एक आखूड अशा दोन तलवारींची पद्धत शिकवली. पण त्याने दिलेले कारण फार विचार करण्यासारखे आहे. घोड्यावर असताना, खाचखळग्यांतून पळताना किंवा एका हातात दुसरे काही असताना तलवार दोन्ही हातांनी धरता येत नाही. म्हणून प्रत्येक हाताला एकट्याने तलवार पेलण्याची सवय हवी, आणि दोन तलवारींचा सराव त्यासाठी करायचा, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्या महाराष्ट्रातल्या मर्दानी खेळांत दोन्ही हातांत दांडपट्टा घेऊन फिरवण्याचे प्रकार आजही दाखवतात. दांडपट्ट्याची रचना लक्षात घ्या. त्याची मूठ साधी नसते. हाताचा पंजा आणि मनगटाच्या वरचा भाग झाकणारे लोखंडी कवच त्याला जोडलेले असते. ढाल सोडली तरी हात उघडा पडत नाही. ज्याने ही मूठ घडवली, त्याने आपल्या पाचव्या भागातला प्रश्न नक्कीच विचारात घेतला असणार.

९. सव्यसाची

शेवटी एक शब्द, जो या पाठातला सर्वांत सुंदर शब्द आहे : सव्यसाची.

हे अर्जुनाचे नाव आहे. सव्य म्हणजे डावा. (संस्कृतात हा याचा मूळ अर्थ.) जो डाव्या हातानेही बाण सोडू शकतो तो सव्यसाची. विराटपर्वात अर्जुन राजपुत्र उत्तराला आपली दहा नावे सांगतो, त्यांत हे एक. त्याचा अर्थ तो असा सांगतो की, गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच आहेत.

नीट पाहा. अर्जुनाकडे दोन धनुष्ये नव्हती. गांडीव एकच होते. सव्यसाची हे नाव त्याच्या हातांच्या तयारीवरून पडले, हत्यारांच्या संख्येवरून नव्हे. मुसाशीचे म्हणणेही जवळजवळ हेच. आणि आपल्या तिसऱ्या भागातले गणितही तेच सांगते : डावा हात उजव्याच्या तोलाचा नसेल तर त्यात तलवार देऊन मार घटतो.

मराठीत आज हा शब्द अनेक कामे सारख्याच कौशल्याने करणाऱ्या माणसाबद्दल वापरतात. "ते सव्यसाची लेखक होते" असे वर्तमानपत्रांत वाचायला मिळते. आपल्या वर्गात येणारी मुले आठवडाभर इंग्रजीत शिकतात आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी मराठीचा हात चालवतात. त्यांच्यासाठीही हा शब्द चांगला आहे. मात्र सध्या पुष्कळांचा हा डावा हात ९२ वाल्या उदाहरणातला आहे. सराव हवा.

पालकांसाठी दोन शब्द

या पाठात नाव आलेल्या खेळांपैकी डायब्लो ३, स्कायरिम आणि एल्डन रिंग यांना अमेरिकेत १७ वर्षांवरील मुलांसाठीचा शिक्का आहे. मॉन्स्टर हंटर वर्ल्ड १३ वर्षांवरील मुलांसाठी आहे. कोणता खेळ घरात आणायचा हे ज्याने त्याने ठरवावे. पण जो खेळ घरात आहे त्याबद्दल मुलाला मराठीतून दोन प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. "बंद कर ते" एवढे एकच मराठी वाक्य गेमच्या संदर्भात मुलांच्या कानावर पडत असेल तर त्यांच्याकडे शब्द कुठून येणार?

स्वाध्याय

१. उजव्या तलवारीचा मार १५०, वाराला १ सेकंद. डाव्या तलवारीचा मार ५०, वाराला अर्धा सेकंद. आळीपाळीने वार केल्यास दर सेकंदाला मार किती? १५ टक्के वेगवाढ धरून किती? एकटी उजवी तलवार बरी की दोन्ही?

२. एका खेळात दोन शस्त्रांमुळे वेग २५ टक्के वाढतो. लढाईचा वेळ किती टक्के वाचेल? (२५ हे उत्तर नाही.)

३. शत्रूचे चिलखत प्रत्येक वारातून ८ कमी करते. मार २० चे पाच वार चांगले की मार १०० चा एक वार? दोन्हींतला फरक किती?

४. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत" या म्हणीचा अर्थ घरी विचारून या आणि एका वाक्यात उपयोग करा.

५. हुलकावणी, पवित्रा, आळीपाळीने, उजवा ठरणे, दम खाणे : हे शब्द वापरून तुमच्या आवडत्या खेळातल्या एका लढाईचे दहा ओळींत वर्णन लिहा. खेळ कोणताही चालेल, बुद्धिबळसुद्धा.

६. तोंडी : पाचवे उत्तर आजीला, आजोबांना, मावशीला किंवा काकाला फोनवर सांगा. त्यांनी विचारलेला एक तरी प्रश्न लिहून आणा.

पहिल्या तीन गणितांची उत्तरे : (१) १३३ आणि थोडे वर, वेगवाढ धरून १५३ आणि थोडे वर, दोन्ही घेतल्याने फायदा अगदी थोडा, ढाल हाताशी असेल तर विचार करावा. (२) २० टक्के. (३) ६० आणि ९२; फरक ३२.

वह्या पुढच्या वर्गाला आणाव्यात. सहाव्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची आहेत.